सर दिनशा मुल्ला : दिवाळं, जामीन आणि मेहर

वारसा, वसियत किंवा मेहरचा वाद कोर्टात गेला की वकीलसाहेब हमखास म्हणतात, "मुल्ला काढून बघू." आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे मुल्ला म्हणजे कोणी जुने आलिम असावेत असं वाटतं. प्रत्यक्षात ते मुंबईचे पारशी. सर दिनशा फरदुनजी मुल्ला, जन्म 1868, मृत्यू 1934. मुस्लिम कायद्यावरचं त्यांचं पुस्तक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघालं. पुढे त्याच्या आवृत्त्या संपादित करणाऱ्यांत नागपुरात वकिली केलेले आणि नंतर देशाचे सरन्यायाधीश झालेले एम. हिदायतुल्लाह होते.

पण मुल्लासाहेबांचा खरा पिंड व्यापारी कायद्याचा. मुल्ला अँड मुल्ला या सॉलिसिटर पेढीशी त्यांचं नाव कायमचं जोडलेलं आहे. करार कायद्यावर सर फ्रेडरिक पोलॉक यांच्यासोबत केलेला त्यांचा ग्रंथ आजही 'पोलॉक-मुल्ला' म्हणून ओळखला जातो. कलकत्ता विद्यापीठातली त्यांची टागोर व्याख्यानं दिवाळखोरीच्या कायद्यावर होती, आणि त्याचाच पुढे जाडजूड ग्रंथ झाला. 1930 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर त्यांची नेमणूक झाली. हिंदुस्थानातल्या खटल्यांचं शेवटचं अपील तेव्हा तिथे चालायचं.

हे सगळं भंडाऱ्याच्या वाचकाला का सांगायचं? कारण ज्या कायद्यावर मुल्लासाहेबांनी लिहिलं, तो इथे अजून चालू आहे. मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांसाठी 1909 चा वेगळा कायदा होता. बाकी मुलखासाठी 1920 चा प्रांतिक नादारी कायदा आला. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात. 2016 ची नवी दिवाळखोरी संहिता कंपन्यांना लागू झाली, पण साध्या माणसासाठीची तिची कलमं अजून सरसकट लागू झालेली नाहीत. त्यामुळे तुमसरच्या धान दुकानदाराचं किंवा भंडाऱ्यातल्या पितळी भांड्यांच्या व्यापाऱ्याचं दिवाळं निघालं, तर अर्ज जिल्हा न्यायालयातच जातो. या कायद्यात कर्जाची किमान रक्कम आजही 500 रुपयेच आहे!

कोर्टाने नादार ठरवलं की मालमत्ता रिसीव्हरच्या ताब्यात जाते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं अशा जप्तीतून सूट असलेल्या वस्तू तेवढ्या घरच्यांकडे राहतात. पुढे मुक्तता आदेश मिळाला की बहुतेक कर्जं सुटतात. सरकारी देणं सुटत नाही, आणि फसवणूक करून घेतलेलं कर्जही सुटत नाही.

आमच्या मते सगळ्यात जास्त घरं अडकतात ती जामिनात. भाईजान म्हणाले, सही करा, आणि मामूंनी केली. नंतर भाईजान नादारीतून सुटले तरी मामू सुटत नाहीत. 1920 च्या कायद्याचं कलम 44 हे स्पष्ट सांगतं. करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कंपनीच्या कर्जाला जामीन असाल तर गोष्ट आणखी पुढे जाते. 1 डिसेंबर 2019 पासून अशा जामीनदारावर नव्या संहितेखाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात कारवाई होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने मे 2021 मध्ये हे कायम ठेवलं. भावाची राईस मिल प्रायव्हेट लिमिटेड असेल तर सही करण्याआधी हे वाचून घ्या.

दुसरा मुद्दा मेहरचा, आणि इथे मुल्लासाहेबांची दोन्ही पुस्तकं एकत्र येतात. मेहर हे नवऱ्यावरचं खरं कर्ज आहे. मात्र ते बिनतारण. प्रिव्ही कौन्सिलने 1916 मध्ये हमीरा बीबीच्या खटल्यात म्हटलं की नवऱ्याच्या मृत्यूनंतर विधवेचं मेहर इतर देण्यांसारखंच त्याच्या मालमत्तेतून फेडायचं. म्हणजे वारसांच्या वाटणीआधी. पण इतर सावकारांच्या पुढे नाही, त्यांच्या रांगेत.

आता धंदा बुडायला लागला की काही जण काय करतात? राहतं घर घाईघाईने "मेहरच्या बदल्यात" बायकोच्या नावावर करतात. निकाहनाम्यात मेहर 5 हजार आणि घर 25 लाखांचं, असं असेल तर कोर्टाला शंका येणारच. नादारी अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांतला असा व्यवहार कलम 53 खाली रद्द होऊ शकतो. खऱ्या मोबदल्यात, चांगल्या हेतूने झालेला असेल तर तो टिकतो. बाकी सावकारांना डावलून एकालाच पैसे दिले असतील, तर आधीचे तीन महिने तपासले जातात. हिशेबाच्या वह्या लपवल्या किंवा खोट्या केल्या तर एक वर्षापर्यंत कैद आहे.

म्हणून निकाहनाम्यात मेहरची रक्कम नीट लिहिलेली असावी, आणि दिलेलं मेहर बँकेतून किंवा नोंदणीकृत दस्तानं दिलेलं असावं. दिवस चांगले असताना झालेली अशी नोंद बहीण-बेटीच्या कामी येते. नोटीस हातात पडल्यावर केलेला दस्त तिलाच कोर्टात उभं करतो.

वकिलाची फी परवडत नसेल तर भंडारा जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना निकाहनामा, कर्जाचे कागद आणि आलेल्या सगळ्या नोटिसा सोबत न्याव्यात.