आरसेमहालाचे बेट

शनिवारी सकाळी म्यूनिकच्या स्थानकावर भाच्याने तिकिटे हातात ठेवली आणि म्हणाला, "मामा, आज तुम्हाला समुद्र दाखवतो."

सारा जन्म गिरगावात काढलेल्या माणसाला समुद्र दाखवायला निघालेला तो पोरगा पाहून त्याच्या मामीला हसू आवरेना. पण तासाभराने प्रीन गावच्या धक्क्यावर उभे राहिलो आणि हसू मावळले. समोर कीमझे तळे पसरले होते. विस्तार सुमारे ८० चौरस किलोमीटर. दक्षिणेला आल्प्सची निळसर रांग. हिमयुगाच्या अखेरीस त्याच डोंगरांतून उतरलेल्या हिमनदीने ही खोलगट जागा कोरली आणि बर्फ वितळून तिचे तळे झाले. तिथले लोक कौतुकाने त्याला 'बव्हेरियाचा समुद्र' म्हणतात.

या तळ्यात तीन बेटे आहेत. मोठे ते हेरेनइन्झेल, म्हणजे पुरुषांचे बेट. तिथे पूर्वी पुरुषांचा मठ होता. दुसरे फ्राउएनइन्झेल, म्हणजे बायकांचे बेट; तिथे जोगिणींचा मठ. दोहोंच्या मधोमध चिमुकले क्राउटइन्झेल. तिथे मठाचा भाजीपाला पिके, म्हणून ते भाजीचे बेट!

"संसाराची मांडणी बरोबर आहे," आमच्या सौभाग्यवतींनी निर्वाळा दिला.

आगबोट आधी पुरुषांच्या बेटाला लागली. हे बेट बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने १८७३ साली विकत घेतले. लाकडाचे व्यापारी इथली झाडी तोडायला टपले होते, ती त्याने वाचवली. पण त्याच्या मनात दुसरेच होते. त्याला इथे फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा व्हर्साय राजवाडा पुन्हा उभा करायचा होता.

या वेडामागे एक दुखरी कथा आहे. लुडविग १८६४ साली अठराव्या वर्षी गादीवर आला. थोड्याच वर्षांत प्रशियाच्या बिस्मार्कने सारी जर्मन राज्ये एका छत्राखाली ओढली. १८ जानेवारी १८७१ रोजी व्हर्सायच्याच आरसेमहालात प्रशियाच्या राजाला जर्मन सम्राट म्हणून घोषित केले गेले. त्या सोहळ्याला लुडविग गेला नाही. राज्य राहिले, सत्ता गेली. मग ज्या महालात आपले राजेपण बुडाले, तोच महाल या माणसाने आपल्या तळ्यात बांधायला घेतला! २१ मे १८७८ रोजी पायाभरणी झाली.

आत शिरलो आणि डोळे दिपले. इथला आरसेमहाल व्हर्सायच्या महालापेक्षाही किंचित लांब आहे. झुंबरे आणि दीपवृक्ष मिळून सुमारे दोन हजार मेणबत्त्या पाजळायची सोय. जेवणाच्या दालनातले टेबल खालच्या मजल्यावर उतरवून, पाने मांडून पुन्हा वर चढवायची योजना. हेतू हा, की वाढप्याचे तोंडही राजाच्या दृष्टीस पडू नये. आणि या एवढ्या महालात राजा राहिला किती? १८८५ च्या सप्टेंबरात जेमतेम दहा दिवस. पुढच्याच वर्षी, १३ जून १८८६ रोजी, दुसऱ्या एका तळ्यात त्याचे प्रेत सापडले. महाल अपुरा राहिला. एका बाजूचा जिना आजही उघड्या विटांचा आहे. तो पाहून मला गलबलून आले. सोन्याच्या मुलाम्यापेक्षा त्या विटाच जास्त खरे बोलत होत्या.

ज्याने महाल एकट्यासाठी बांधला, त्याच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांच्या आत तो लोकांना खुला झाला. गर्दी एवढी लोटली, की १८८७ साली प्रीनच्या स्थानकापासून धक्क्यापर्यंत लहानशी आगगाडी घालावी लागली. २०२५ साली लुडविगचे राजवाडे जागतिक वारशाच्या यादीतही गेले.

परतताना भाचा म्हणाला, "मामा, जुना मठ बघायचा ना?"

धक्क्याजवळच ती साधी, पांढरी इमारत आहे. बांधकाम पाहायला आला की राजा तिथेच उतरे. लोक बोटीच्या घाईत तिच्यावरून निघून जातात. पण १९४८ सालच्या ऑगस्टमध्ये, १० ते २३ तारखेपर्यंत, या इमारतीत पश्चिम जर्मनीच्या प्रांतांनी पाठवलेली तीसेक माणसे बसली होती. देश बेचिराख झालेला. त्यांनी नव्या राज्यघटनेचा मसुदा लिहायला घेतला. पहिल्याच कलमात त्यांनी मांडले, की राज्य माणसासाठी असते, माणूस राज्यासाठी नव्हे.

त्यांना एक गोष्ट विसरता येत नव्हती. १९३३ साली हिटलरला अमर्याद अधिकार मिळाले, ते संसदेच्या दोनतृतीयांश मतांनी. विरोधक तुरुंगात, दारात गुंड. पण मतदान मात्र रीतसर! म्हणून त्यांनी मसुद्यात घातले, की लोकशाहीच मोडून टाकणारी घटनादुरुस्ती मांडताच येणार नाही. हाच विचार १९४९ च्या जर्मन घटनेत पक्का झाला.

आता वाचक म्हणतील, याचे आपल्याला काय? आहे. १९६५ साली हायडेलबर्गचे प्राध्यापक डीट्रिख कोनराड यांनी बनारस हिंदू विद्यापीठात व्याख्यान दिले. त्यांनी विचारले, की बहुमताच्या जोरावर घटना दुरुस्त करून तुम्ही पुन्हा मोगल बादशहाची सत्ता आणू शकाल काय? हा युक्तिवाद आपल्या न्यायालयापर्यंत पोचला. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात, सात विरुद्ध सहा मतांनी, सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की संसदेला घटनेची मूळ चौकट मोडता येणार नाही. बाजू मांडणाऱ्यांत अग्रभागी होते मुंबईचे नानी पालखीवाला.

मला ते कोरडे कायदेकलम वाटत नाही. १९७५ च्या आणीबाणीत आमचे वडील तुरुंगात होते. गुन्हा सांगितलेला नाही, सुटकेची तारीख नाही. त्या दिवाळीत आईने दारात एकच पणती लावली. दिवाळी सरली आणि १० नोव्हेंबरला तोच केशवानंद निकाल फिरवण्यासाठी तेरा न्यायाधीशांसमोर सुनावणी सुरू झाली. पालखीवाला पुन्हा उभे राहिले. दोन दिवसांतच ते पीठ विसर्जित झाले आणि निकाल टिकला. वडील पुढे सव्वा वर्षाने घरी आले. आपल्याला कोणत्या विचाराने सावरून धरले होते आणि तो कुठकुठून फिरून आला होता, हे त्यांना कधी कळले नाही. मठाच्या त्या खोलीत मला त्यांची फार आठवण झाली.

रात्री मुक्काम बायकांच्या बेटावर केला. आठव्या शतकात स्थापन झालेला जोगिणींचा मठ, कोळ्यांची घरे, धुरावलेले मासे. मोटार औषधालाही नाही. रविवारी पहाटे मठाची घंटा वाजली तेव्हा तळ्यावर धुके होते आणि पलीकडचे राजाचे बेट दिसतही नव्हते.

"काल सर्वांत जास्त काय आवडलं, मामी?" भाच्याने विचारले. मला वाटले, त्या दोन हजार मेणबत्त्याच सांगणार.

"ती पांढरी इमारत," ती म्हणाली. "तिथं माणसं एकमेकांची तोंडं पाहत बसली होती."