पिकोलोचा तिसरा स्वर

जत्रेत मिळते तशी सहा भोकांची बांबूची बासरी घ्या. सगळी भोकं बंद केल्यावर जो स्वर निघेल त्यालाच षड्ज माना आणि खालच्या टोकाकडून एकेक बोट उचलत जा. (मैफलीत वाजवणारे वरची तीन भोकं बंद ठेवून षड्ज धरतात, पण ते तूर्त बाजूला ठेवू.) बासरी बरी बनली असेल तर सा रे ग म प ध नी ओळीने निघतात, सगळे शुद्ध. पाश्चात्त्यांची मेजर स्केल ती हीच. भातखंड्यांच्या वर्गीकरणात हाच बिलावल थाट.

आता हाच प्रयोग पिकोलोवर करू. वाद्यवृंदातली ही सर्वांत छोटी बासरी, जेमतेम वीतभराहून थोडी मोठी. करंगळीखालच्या कळीचा विचार सोडून द्या. सहा बोटं बंद, षड्ज. उजवी अनामिका उचलली, रिषभ. मधलं बोट उचललं, आणि गंधार कोमल लागला. शुद्ध हवा असेल तर तर्जनी आणि मधलं दोन्ही वर घेऊन, आत्ताच उचललेली अनामिका पुन्हा खाली टेकवायची. पहिली मेजर स्केल शिकणारा प्रत्येक जण इथे अडखळतो आणि आपली बोटं मठ्ठ आहेत असं समजतो. पण दोष बोटांचा नाही. हे 1832 साली म्युनिकमध्ये ठरलं.

त्याआधी असं नव्हतं. युरोपातली आडवी बासरी सहा भोकांचीच होती. स्विस पलटणींच्या ढोलाबरोबर वाजणारी फाइफ हे तिचंच छोटं, कर्कश भावंड. सतराव्या शतकाच्या अखेरीला फ्रान्समध्ये बासरीची नळी तुकड्यांत बनू लागली, आतून निमुळती झाली आणि तिला करंगळीसाठी एक कळ बसली. तरी मूळ सहा भोकं तशीच राहिली, आणि एकेक बोट उचलल्यावर निघणारी स्केलही तीच राहिली, डी मेजर. आपल्या भाषेत पांढरी दोनचा बिलावल.

पिकोलोच्या अंगावर ही खूण आजही दिसते. मोठी बासरी खाली सी पर्यंत जाते, कारण तिला शेवटी एक जादा तुकडा जोडलेला असतो. पिकोलोला सहसा तो नसतो, त्यामुळे तिचा सर्वांत खालचा लिखित स्वर डी. म्हणून तिच्यावर तळापासून सुरू होणारी पहिली मेजर स्केल डीचीच.

अडचण पट्टी बदलल्यावर येते. डीच्या बासरीवर एफ, म्हणजे कोमल गंधार, हवा असेल तर त्याला स्वतःचं भोकच नाही. आपल्या बासरीवाल्यांनी अर्धं भोक उघडून हा प्रश्न सोडवला, आणि त्यातूनच मींडही आली. युरोपात वादक वरचं भोक उघडं ठेवून खालचं बंद करत. त्याने स्वर निघे, पण दबलेला, पडशातल्या आवाजासारखा. एकट्याने वाजवताना हा दबलेपणा कानाला गोडही लागतो. पण शेजारी व्हायोलिनांची रांग असली आणि रचना दर दोन मिनिटांनी पट्टी बदलत असली, की तो लपत नाही. मग एकेका गैरहजर स्वरासाठी एकेक कळ वाढत गेली.

22 डिसेंबर 1808 ला व्हिएन्नात बेटोव्हनची पाचवी सिम्फनी पहिल्यांदा वाजली. तिच्यात पिकोलो आहे ती फक्त शेवटच्या भागात, आणि तो भाग सी मेजरमध्ये आहे. त्या काळी एका कळीच्या पिकोलो सर्रास वापरात होत्या. अशा वाद्यावर सी मेजरचा षड्ज आणि मध्यम, दोन्ही आडवळणाच्या बोटांनी काढावे लागतात. ज्या दोन स्वरांवर स्केल उभी राहायची तेच दबलेले. वर बेटोव्हनला आवाज हवा होता मोठा. पिकोलो आणि तीन ट्रॉम्बोन मिळून सहा नगाऱ्यांहून जास्त गोंगाट करतील, अशा अर्थाचं त्याने पत्रात लिहून ठेवलंय. त्या वादकाची कीव येते.

थिओबाल्ड ब्योम (1794–1881) हा म्युनिकच्या सोनाराचा मुलगा, स्वतःही धातूकामात तयार आणि तिथल्या दरबारी वाद्यवृंदात बासरी वाजवणारा. 1831 मध्ये लंडनला त्याने चार्ल्स निकल्सनची बासरी ऐकली. निकल्सनच्या बासरीची भोकं मोठी होती आणि बोटंही तशीच दणकट. त्या आवाजाशी आपण बरोबरी करू शकत नाही हे ब्योमला कळून चुकलं. तसं झालं नसतं तर आपण नवी बासरी बनवायला बसलोच नसतो, असं त्याने म्हातारपणी मोकळेपणाने मान्य केलं. मला हा माणूस आवडतो तो इथेच. वाद्य सुधारणारे सहसा सिद्धान्तापासून सुरुवात केल्याचं सांगतात. हा सांगतो की मी हरलो.

घरी परतून त्याने प्रश्न उलटा मांडला. बोटं कुठे पोचतात ते नंतर पाहू. आधी प्रत्येक अर्ध्या स्वराचं भोक नादाच्या हिशोबाने जिथे हवं तिथे, आणि मोठं. आता भोकं बोटांपेक्षा जास्त झाली. उजवा अंगठा तर वाद्य पेलण्यातच अडकलेला. मग त्याने भोकांभोवती कड्या बसवल्या आणि त्या लांब दांड्यांवर जोडल्या, म्हणजे एक बोट दाबलं की दूरची झडपही मिटते.

ई आणि जी यांच्यामध्ये एफ आणि एफ शार्प असे दोन स्वर बसवायचे होते, आणि मोकळं बोट होतं एकच, उजवी तर्जनी. ते द्यायचं कुणाला? ब्योमने दिलं एफला. एफ शार्पची झडप त्याने दांडीने शेजारच्या बोटांना जोडली, म्हणून तो अनामिकेने वाजतो. (मधल्या बोटानेही निघतो, पण नाद तितका स्वच्छ येत नाही.) तिसऱ्या स्वरावरचं अडखळणं ते हेच. पुढे आणखी एक आहे: सहाव्या स्वरावरून सातव्यावर जाताना तर्जनीबरोबर डावा अंगठाही उचलावा लागतो. जुन्या बासरीत अंगठ्याला कामच नव्हतं.

डी मेजरचा वाडा त्याने मोडला आणि बाराही पट्ट्यांना सारख्या खोल्या दिल्या, असं म्हणता येईल. जुन्या भाडेकरूंना ते रुचलं नाही. ड्रेस्डेनचा नामवंत वादक फ्युर्स्टेनाउ या पद्धतीचा शेवटपर्यंत विरोधक राहिला. लंडनच्या रिचर्ड कार्टने 1851 मध्ये अशी बासरी काढली की नळी ब्योमची, पण बोटं शक्य तितकी जुनी. मला त्यांचं म्हणणं निव्वळ हट्टाचं वाटत नाही. ज्याने वीस वर्षं एकाच बोटाने शुद्ध गंधार लावला, त्याला 'आता सगळं सोपं झालं' हे कोणत्या तोंडाने सांगणार?

1847 मध्ये ब्योमने मोठ्या बासरीची नळी निमुळती सोडून सरळ केली, आणि आजची बासरी त्याच वळणाची आहे. पिकोलो मात्र या दुसऱ्या पायरीवर सहसा चढली नाही. बहुतेक पिकोलोंची नळी अजून निमुळतीच असते, म्हणजे ती 1832 लाच थांबलेली आहे: बोटं ब्योमची, पोट जुनं, खाली सी नाही.

बँडवाल्यांनी वेगळीच वाट काढली. पितळी वाद्यांना ई फ्लॅट, ए फ्लॅट अशा पट्ट्या सोयीच्या. तेव्हा बोटं बदलण्याऐवजी त्यांनी वाद्यच अर्ध्या स्वराने चढं केलं, डी फ्लॅटची पिकोलो. वादकासमोर कागदावर डी मेजर, बोटं डी मेजरची, आणि बाहेर ऐकू येतो ई फ्लॅट. हार्मोनियमची पट्टी सरकवण्यासारखीच ही युक्ती. जॉन फिलिप सूझाचा 'द स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरेव्हर' हा 1896 च्या अखेरीस रचलेला मार्च ई फ्लॅटमध्ये सुरू होतो आणि ए फ्लॅटमध्ये जातो; पिकोलोचा गाजलेला तुकडा या दुसऱ्या भागात आहे. डी फ्लॅटच्या पिकोलोवर हे अनुक्रमे डी आणि जी मेजर होतात. एफ शार्प दोन्हींत.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून डी फ्लॅटच्या पिकोलो वापरातून गेल्या. आज तोच मार्च सीच्या पिकोलोवर, आहे त्या पट्टीत वाचावा लागतो. फ्लॅट जास्त, नवशिक्याला कागद भीतिदायक दिसतो. पण ई फ्लॅट आणि ए फ्लॅट या दोन्ही स्केलमध्ये लागतो तो साधा एफ. तर्जनी ठेवायची, पुढची दोन बोटं उचलायची, बस.