थ्रीजीचा लिलाव आणि त्याची किंमत

लिलाव म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लासलगाव येतं. कांद्याचे ट्रॅक्टर, गलका, व्यापाऱ्यांची झुंड. ९ एप्रिल २०१० ला जो लिलाव सुरू झाला त्यात यातलं काहीच नव्हतं. खरेदीदार आपापल्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसलेले, विकणारं भारत सरकार, आणि माल डोळ्यांना न दिसणारा. २१०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरी, म्हणजे थ्रीजीचा स्पेक्ट्रम.

देशाचे २२ सर्कल (महाराष्ट्र-गोवा एक, मुंबई वेगळी). खाजगी कंपन्यांसाठी १७ सर्कलमध्ये प्रत्येकी ३ आणि उरलेल्या ५ मध्ये प्रत्येकी ४ जागा, म्हणजे एकूण ७१ तुकडे. गिऱ्हाईकं ९. एमटीएनएल आणि बीएसएनएल या सरकारी कंपन्यांना स्पेक्ट्रम आधीच मिळाला होता. एमटीएनएलने तर डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीत थ्रीजी सुरूही केलं होतं. पण अट अशी की लिलावात जो भाव फुटेल तोच त्यांनीही भरायचा. ही अट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता लिलावाची पद्धत. आम्हा प्रोग्रामर लोकांना बघताक्षणी आवडावी अशी. सगळ्या सर्कलचा लिलाव एकाच वेळी चालतो. प्रत्येक फेरीत प्रत्येक सर्कलचा भाव जाहीर होतो आणि कंपन्यांनी फक्त सांगायचं, या भावाला आम्हाला हवं की नको. जागा तीन आणि मागणारे पाच असतील, तर पुढच्या फेरीत भाव वर. शिवाय नुसतं बसून मजा बघायची सोय नाही. पुरेशा बोली लावल्या नाहीत तर पुढे बोली लावायचा हक्कच कमी होत जातो. कुठल्याच सर्कलमध्ये जागांपेक्षा जास्त मागणी उरली नाही की लूप संपलं. मूळ कल्पना मिलग्रोम आणि विल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांची. अमेरिकेने ती १९९४ मध्ये वापरली आणि २०२० मध्ये दोघांना त्यासाठी नोबेल मिळालं.

आपल्याकडे हे लूप ३४ दिवस आणि १८३ फेऱ्या चाललं. १९ मे रोजी संपलं तेव्हा अख्ख्या देशाचा ३,५०० कोटींचा मूळ भाव १६,७५० कोटींवर गेला होता. सरकारने बजेटमध्ये ३५,००० कोटी धरले होते, हिशोब लागला ६७,७१९ कोटींचा. एकट्या दिल्लीचा तुकडा ३,३१७ कोटी, मुंबईचा ३,२४७ कोटी.

आणि एवढं करून एकाही खाजगी कंपनीला सगळे २२ सर्कल मिळाले नाहीत! एअरटेल, रिलायन्स कम्युनिकेशन्स आणि एअरसेल १३-१३ वर थांबले, आयडिया ११ वर. महाराष्ट्र-गोव्यात एअरटेलला थ्रीजी नव्हतंच. मग एअरटेल, व्होडाफोन, आयडियाने एकमेकांची नेटवर्कं वापरायचा करार केला. सरकारने २०११ च्या शेवटी तो बंद करायला सांगितला, आणि निकाल कंपन्यांच्या बाजूने लागायला २०१४ उजाडलं.

कंपन्या एवढ्या का भडकल्या? युरोपचा अनुभव तर समोर होता. २००० साली ब्रिटनने याच थ्रीजीचे साडेबावीस अब्ज पौंड आणि जर्मनीने पन्नास अब्ज युरो मिळवले होते, आणि जर्मनीतल्या सहापैकी दोन विजेत्यांनी पुढे थ्रीजी सेवा सुरूच केली नाही. पण जागा तीनच असताना 'मला मिळाली नाही तर शेजाऱ्याला मिळेल' ही भीती कुठल्याही एक्सेल शीटपेक्षा मोठी असते. माझ्या मते त्या ३४ दिवसांत थ्रीजीच्या फायद्याची किंमत ठरलीच नाही, ठरली ती बाहेर राहण्याच्या भीतीची.

गोंधळ झाला तो हा आकडा पुढे मोजपट्टी म्हणून वापरल्यावर. जानेवारी २००८ मध्ये टूजीचे परवाने 'जो आधी येईल त्याला' या न्यायाने, २००१ च्या भावाने (अख्ख्या देशाचे १,६५८ कोटी) वाटले गेले होते. ते प्रकरण वाईटच होतं, फेब्रुवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने १२२ परवाने रद्द केले. पण त्याआधी नोव्हेंबर २०१० मध्ये कॅगने जे संभाव्य नुकसान काढलं, त्यातला १.७६ लाख कोटींचा सर्वात मोठा आकडा या थ्रीजीच्या भावावरूनच आला होता. तो भाव खरा की खोटा याची परीक्षा लवकरच झाली. नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारने चढ्या मूळ किमतीने टूजीचा लिलाव लावला. दोन दिवसांत आटोपला, जेमतेम ९,४०७ कोटी आले, दिल्ली-मुंबईसाठी एकही बोली नाही.

आता ती अट. थ्रीजीपाठोपाठ ब्रॉडबँड वायरलेसचा, म्हणजे बीडब्ल्यूएचा लिलाव झाला, तोही भडकला. दोन्ही मिळून बीएसएनएलला सुमारे १८,५०० कोटी आणि एमटीएनएलला सुमारे ११,००० कोटी भरावे लागले. खाजगी कंपनी निदान 'नको' म्हणून उठू तरी शकत होती, यांना ती मुभा नव्हती. एमटीएनएलची सेवा दिल्ली आणि मुंबईत, म्हणजे नेमक्या सर्वात महागड्या दोन सर्कलमध्ये. तिने कर्ज काढलं. बीएसएनएल २००९-१० मध्ये पहिल्यांदा तोट्यात गेली होती, आणि तेव्हाच तिची गंगाजळी रिकामी झाली. ब्रॉडबँडसाठी तिला मिळाल्या त्या लहरींवर तिने वायमॅक्स उभं केलं, आणि जग गेलं एलटीईकडे. त्यातला काही स्पेक्ट्रम नंतर परतही करावा लागला. या दोन कंपन्या नोकरशाहीमुळे बुडाल्या असं सरसकट म्हटलं जातं. ते खोटं नाही, पण हे बिल त्यात कुणी धरत नाही.

खरी गंमत त्या दुसऱ्या लिलावात आहे. तो सुरू झाला २४ मे २०१० ला. आदल्याच दिवशी अंबानी बंधूंनी एकमेकांच्या धंद्यात न उतरण्याचा करार रद्द केल्याचं जाहीर केलं होतं. ११ जूनला लिलाव संपला तेव्हा फारसं कुणी नाव न ऐकलेल्या इन्फोटेल ब्रॉडबँडने १२,८४८ कोटींना सगळे २२ सर्कल जिंकले होते, आणि त्याच दिवशी रिलायन्स इंडस्ट्रीजने ४,८०० कोटींत तिचा ९५ टक्के हिस्सा घेतला. परवाना फक्त इंटरनेटचा होता, बोलण्याचा नाही. २०१३ मध्ये आणखी १,६५८ कोटी भरून तीही परवानगी मिळाली (हो, तोच २००१ चा आकडा). सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं, आणि एमबीच्या हिशोबात विकला जाणारा डेटा मार्च २०१७ पर्यंत चक्क फुकट मिळाला.

थ्रीजी जिंकलेल्या सात खाजगी कंपन्यांचं काय झालं? एस टेलचे परवाने सुप्रीम कोर्टाने घालवले. आरकॉम आणि एअरसेल दिवाळखोरीत गेल्या, टाटांनी मोबाईलचा धंदा एअरटेलला दिला. व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एक झाल्या, आणि २०२५ मध्ये थकबाकीच्या बदल्यात सरकारच त्यांचं सुमारे ४९ टक्क्यांचं भागीदार झालं. विकणाराच शेवटी दुकानाच्या गल्ल्यावर!

मग नव्या नेटवर्कचा आर्थिक फायदा हे थोतांड आहे का? मुळीच नाही. रॉबर्ट जेन्सनचा २००७ चा अभ्यास बघा. १९९७ ते २००१ च्या दरम्यान उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मोबाईल पोचला. त्याआधी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून तारली समुद्रात फेकून द्यायचे आणि थोड्या अंतरावरच्या बंदरावर व्यापारी रिकाम्या हाताने परत जायचे. फोन आल्यावर होडीतूनच भाव विचारून बंदर ठरवता आलं. फेकाफेक जवळजवळ थांबली, कोळ्यांचा नफा ८ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्याला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त पडली. तेही साध्या आवाजाच्या फोनवर. पण तो फायदा कोळ्याच्या आणि खाणाऱ्याच्या खिशात गेला; टॉवरवाल्याला मिळाले फक्त कॉलचे पैसे. म्हणून फायद्याच्या अंदाजावरून लहरींची किंमत काढली की गणित चुकतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये फाइव्हजीचा लिलाव संपला. बोली दीड लाख कोटींची, पण या वेळी पैसे वीस वर्षांच्या हप्त्यांनी भरायचे. १ ऑक्टोबरला सेवेचं उद्घाटनही झालं. बीएसएनएलचं स्वदेशी फोरजी मात्र देशभर जाहीर झालं ते २७ सप्टेंबर २०२५ रोजी, ओडिशात झारसुगुड्याला.