इमारतीवरच्या चकचकीत पॅनेलच्या पोटात नेमकं काय असतं?

मुंबई-पुण्यातल्या ऑफिस इमारतींवर चंदेरी, करडी, कधी चक्क लाकडासारखी दिसणारी पॅनेल सर्रास दिसतात. त्यातली बरीचशी 'एसीपी' म्हणजे ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल असतात. बाहेरून हा निव्वळ धातू वाटतो. पण ४ मिलिमीटर जाडीच्या अशा पॅनेलमध्ये बहुतेकदा धातू असतो तो दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर. मधला ३ मिलिमीटरचा थर, म्हणजे कोअर, वेगळाच असतो. उंच इमारतीसाठी पॅनेल निवडताना पहिला प्रश्न त्याच्याबद्दल विचारायला हवा.

का, ते १४ जून २०१७ रोजी लंडनमध्ये दिसलं. २४ मजली ग्रेनफेल टॉवरच्या चौथ्या मजल्यावर स्वयंपाकघरात आग लागली. ती बाहेरच्या पॅनेलला पोहोचल्यावर साधारण वीस मिनिटांत छतापर्यंत गेली. ७२ जणांचा जीव गेला. त्या पॅनेलचा कोअर पॉलिथिलीनचा होता. पॉलिथिलीन म्हणजे साधं प्लास्टिक. किलोमागे ते जवळपास पेट्रोलइतकी उष्णता देतं. आग झपाट्याने पसरण्याचं मुख्य कारण हे पॅनेलच होतं, असं चौकशी अहवालात म्हटलं आहे. मूळ प्रस्ताव जस्ताच्या पॅनेलचा होता. खर्च वाचवण्यासाठी तो बदलला गेला.

मग पर्याय काय? 'एफआर' कोअरमध्ये प्लास्टिकसोबत बरीच खनिज पूड असते. तो उशिरा पेटतो, पण पेटतो. 'ए२' कोअरमध्ये खनिजांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं, त्यामुळे तो आगीला जवळपास काहीच खाद्य देत नाही. तिसरा पर्याय कोअर नसलेल्या सलग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा. तो महाग आणि जड पडतो, पण आगीच्या बाबतीत निर्धास्त. इंग्लंडने २०१८ च्या अखेरीस १८ मीटरपेक्षा उंच नव्या निवासी इमारतींच्या बाह्यभिंतींत ज्वलनशील साहित्यावर बंदीच घातली.

पण चांगलं पॅनेल निवडलं म्हणजे काम झालं, असंही नाही. पॅनेल आणि भिंत यांच्यामध्ये पोकळी असते. आग लागली की ती धुराड्यासारखी वागते. म्हणून त्यात ठरावीक अंतरावर आगरोधक अडथळे लागतात. चाचणीचा अहवालही सुट्या पॅनेलचा नको. पॅनेल, इन्सुलेशन आणि सांगाडा अशा पूर्ण रचनेचा मागावा.

बाकी गोष्टी तुलनेने सोप्या. समुद्राजवळ ३०४ ऐवजी ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील घ्यावं. तीन मीटरचं ॲल्युमिनियम पॅनेल तापमान ४० अंशांनी वाढलं की जवळपास ३ मिलिमीटर लांबतं, त्यामुळे सांधे सोडावे लागतात. रंगासाठी साध्या पॉलिएस्टरपेक्षा पीव्हीडीएफचा थर उन्हात जास्त टिकतो.

एकदा पॅनेल भिंतीवर चढलं की आत काय आहे, हे खालून बघून कळत नाही. ग्रेनफेलनंतर ब्रिटनमध्ये शेकडो इमारतींच्या पॅनेलचे तुकडे कापून प्रयोगशाळेत पाठवावे लागले. त्यामुळे साइटवर माल उतरतानाच एक तुकडा काढून तपासून घेणं सगळ्यात स्वस्त पडतं.