नळराजाची चूल आणि आपले घर

नळ-दमयंतीची कथा म्हटली की आपल्याला बोलणारा हंस आठवतो, स्वयंवर आठवते, नळाने द्यूतात घालवलेले राज्य आठवते. पण ताटातूट झालेली ही जोडी पुन्हा एकत्र आली ती एका घासामुळे, हा भाग पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. आज त्याच घासाविषयी थोडे बोलायचे आहे.

महाभारताच्या वनपर्वात ही कथा येते. राज्य गेले, वनवास आला, दमयंतीला अरण्यात झोपलेली सोडून नळ निघून गेला. पुढे कर्कोटक नागाच्या दंशाने त्याचे रूप पालटले आणि तो बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे चाकरीला राहिला. इकडे दमयंती आपल्या माहेरी, विदर्भात कुंडिनपुरास आली. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी असलेले कौंडिण्यपूर तेच हे गाव, अशी परंपरा आहे. दमयंतीने युक्तीने ऋतुपर्णाला तेथे बोलावले. त्याचा रथ हाकत बाहुकही आला. रूप कुरूप, अंगावर सूताचा वेष! ओळखावे कसे?

तिने केशिनी नावाची दासी पाठवली आणि बाहुकाने रांधलेल्या मांसातला एक तुकडा आणवला. तो तोंडात घालताच तिला खूण पटली. कशामुळे? महाभारतकार कारण स्पष्ट सांगतात. नळाच्या हातचे तिने पूर्वी पुष्कळ वेळा खाल्ले होते. म्हणजे बघा, निषधांचा राजा, घरी दासदासी असणार, तरी तो स्वतः रांधत होता आणि राणी ते आवडीने खात होती. उत्तम स्वयंपाकाला आपण आजही ‘नळपाक’ म्हणतो. पाकदर्पण नावाचा पाकशास्त्रावरचा संस्कृत ग्रंथही नळाच्याच नावावर सांगितला जातो. नळाचे नाव आपण चुलीपाशी ठेवले. त्याचा रिवाज मात्र घरात ठेवला नाही.

असे का झाले? कुणी म्हणेल, शास्त्राने तसे सांगितले. तर शास्त्रही नीट पाहू. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पुरुषाने पत्नीबरोबर जेवू नये, ती जेवत असता तिच्याकडे पाहू नये, असा नियम आहे. पण त्याच ग्रंथाचा तिसरा अध्याय काय सांगतो? नव्या सुना, लहान मुली, आजारी माणसे आणि गर्भवती स्त्रिया यांना पाहुण्यांच्याही आधी, मनात किंतु न आणता, जेवू घालावे. मग अतिथी, आप्त, चाकरमाणसे जेवली की उरलेले अन्न नवराबायकोने खावे. तेथे शब्द आहे ‘दंपती’. एकट्या बायकोने उरलेले खावे, असे तेथे म्हटलेले नाही.

एकाच ग्रंथात दोन्ही गोष्टी होत्या. आपल्या पुष्कळ घरांनी चौथा अध्याय पाठ केला आणि तिसरा विसरून टाकला. नवऱ्याचे ताट आधी, बाईचे सर्वांच्या मागून, आणि कित्येक घरांत तर त्याच उष्ट्या ताटात. भांड्याच्या बुडाशी जे राहील ते तिचे. गंमत अशी की, लग्नात आपण वधूवरांना एकमेकांना घास भरवायला लावतो, नाव घ्यायला लावतो, हसतो. चार दिवसांनी तो घास बंद होतो. कष्टकऱ्यांची रीत मात्र शेतावर निराळी दिसते. कारभारीण डोक्यावर पाटी घेऊन येते, बांधावर फडके सोडले जाते आणि दोघे एकाच फडक्यावरची भाकरी मोडतात. बांधावर जे चालते ते उंबऱ्याच्या आत का चालू नये?

पुरुषाने रांधणे हे कमीपणाचे, असेही कधी नव्हते. लग्नाच्या पंगतीचा आचारी पुरुष, हॉटेलातला भटारी पुरुष. विराटाच्या घरी बल्लव होऊन राहिलेला भीमसुद्धा पुरुषच की! गावासाठी रांधताना त्याला लाज वाटली नाही; लाज आडवी आली ती स्वतःच्या बायकोसाठी रांधताना. छापील पुस्तकांनीही हीच वाट धरली. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ निघाले, नावातच गृहिणी. १९७० साली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली. तिने वाटी आणि चमचा यांचे माप दिले, त्यामुळे सासू-आई जवळ नसलेल्या नव्या मुलींची सोय झाली. पण वाटी-चमचा पुरुषाच्या हातातही मावतो, हे ध्यानात घ्यायला हवे.

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणींना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण शेकडा २५ होते. याची कारणे अनेक आहेत. पण जी शेवटी जेवते तिच्या वाट्याला डाळ पातळ येते आणि भाजी संपलेली असते, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?

तेव्हा एका संध्याकाळी करून पाहा. पिठले सोपे आहे. एक वाटी बेसन तीन वाट्या पाण्यात गुठळी न राहील असे कालवा. तेलात मोहरी, जिरे, हिंग, ठेचलेला लसूण, मिरची आणि हळद यांची फोडणी करा. त्यात कालवलेले पीठ ओता, मीठ घाला आणि हात न थांबवता ढवळा. घट्ट झाले की झाकण ठेवून वाफ आणा. भाकरी थापायला जमत नसेल तर भात लावा. मुले, म्हातारी माणसे, पाहुणा यांचे आधी होऊ द्या. घरात गर्भवती असेल तर तिचे सर्वांत आधी. मग दोन ताटे एकदम वाढा आणि तिला उठू देऊ नका. पाणी लागले, मीठ लागले, तर उठायचे तुम्ही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वर्गात नळाची कथा सांगाल तेव्हा हंसापाशी थांबू नका. केशिनीने आणलेल्या त्या तुकड्यापर्यंत या आणि मुलांना विचारा, तुमच्या घरी कोण कोणासाठी रांधते, आणि सर्वांत शेवटी कोण जेवते?