धुणेवालीच्या लेकीची बँक

गटाच्या बैठकीत पासबुकं भरून झाली की आम्ही कधीकधी ही गोष्ट सांगतो.

अमेरिकेत रिचमंड शहरात जॅक्सन वॉर्ड ही काळ्या लोकांची वस्ती. गुलामी १८६५ साली संपली, तरी गोऱ्यांनी त्यांना वेगळंच ठेवलं. मग वस्तीनं आपली दुकानं, चर्च, वर्तमानपत्रं स्वतः उभी केली.

तिथल्या मॅगी वॉकर. आई लोकांची धुणी धुवायची, लहानगी मॅगी टोपल्या घरोघर पोचवायची. मोठेपणी त्या सेंट ल्यूक संस्थेच्या प्रमुख झाल्या. सभासद वर्गणी भरायचे, आजारपणात, मयतीला मदत मिळायची. ओळखीचं वाटतंय ना? २ नोव्हेंबर १९०३ला त्यांनी बँकच उघडली. नावातच 'पेनी', म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग. पहिल्या दिवशी नऊ हजारांवर डॉलर जमले. कुणीतरी फक्त ३१ सेंट ठेवले, आम्हाला तेच खातं जास्त आवडतं. मुलांसाठी छोटे गल्ले होते. घरासाठी कर्ज मिळायचं. हप्ते फेडत फेडत कितीतरी कुटुंबं घरमालक झाली.

१९३०च्या मंदीत बँक इतर दोन बँकांत मिसळून तगली. वस्ती मात्र रस्त्यानं तोडली. हमरस्त्याला शहरातल्या मतदारांनी दोनदा नकार दिला होता. तेव्हा राज्याच्या विधिमंडळानं १९५४ साली वेगळं प्राधिकरण नेमलं आणि रस्ता वस्तीच्या मधोमध काढला. शेकडो घरं पडली. वॉकरबाईंचं ली स्ट्रीटवरचं घर उभं आहे, आता तिथे संग्रहालय आहे.