स्थिर ज्वलन चाचणी

स्थिर ज्वलन चाचणी म्हणजे रॉकेटचे इंजिन किंवा संपूर्ण टप्पा जमिनीवर जखडून ठेवून, उड्डाण होऊ न देता, प्रज्वलित करण्याची प्रक्रिया होय. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या (इस्रो) निवेदनांत द्रव इंजिनांच्या अशा चाचणीला ‘हॉट टेस्ट’ म्हणतात. अमेरिकी वृत्तांत तिचे नाव ‘स्टॅटिक फायर’ असे येते. प्रक्षेपणाची घोषित तारीख कितपत टिकेल, याचा पहिला ठोस अंदाज या चाचणीवरून बांधता येत असल्यामुळे अंतराळप्रेमी तिच्या वृत्ताकडे बारकाईने लक्ष ठेवतात.

स्वरूप

चाचणीच्या वेळी इंजिन पोलादी मंचाला घट्ट बांधलेले असते. त्याचा रेटा मापक यंत्रांवर घेतला जातो आणि तप्त वायूंचा झोत खालच्या काँक्रीटच्या खाचेतून बाजूला वळवला जातो. दहनकक्षातील दाब, तापमान, कंपने, झडपांच्या उघडझापेच्या वेळा आणि टर्बोपंपाची गती अशा शेकडो राशींची नोंद एकाच वेळी होते. एखादी राशी ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेली, तर संगणक स्वतःहून इंजिन बंद करतो.

सर्व चाचण्यांचा हेतू एक नसतो. नव्या रचनेची क्षमता सिद्ध करण्यासाठी पात्रता चाचण्या घेतात. त्यांत इंजिन मुद्दाम नेहमीपेक्षा जास्त वेळ, किंवा दाब व मिश्रणाचे प्रमाण बदलून चालवले जाते. स्वीकृती चाचणी ही ठरावीक मोहिमेवर जाणाऱ्या त्याच इंजिनाची असते आणि बहुधा थोडक्यात आटोपते. वृत्तपत्रांत हा भेद अनेकदा पुसला जातो. त्यामुळे २५ सेकंदांची चाचणी ‘अपुरी’ आणि २४० सेकंदांची ‘पूर्ण’ असा गैरसमज होतो. वस्तुतः दोन्ही आपापल्या जागी पूर्ण असतात.

द्रव आणि घन इंधन

द्रव इंधनाचे इंजिन झडपा मिटून थांबवता येते. घन इंधनाचा बूस्टर एकदा पेटला की इंधन संपेपर्यंत जळतच राहतो, म्हणून उड्डाणासाठी नेमलेल्या बूस्टरची आधी ज्वलन चाचणी घेणे शक्य नसते. अशा वेळी त्याच पद्धतीने बनवलेला दुसरा बूस्टर जाळून पाहतात आणि उड्डाणाच्या बूस्टरची परीक्षा क्ष-किरण व अन्य विनाशरहित तपासण्यांवर सोडतात.

भारतीय रॉकेटांच्या बाबतीत हा फरक निर्णायक ठरतो. एलव्हीएम-३ हे रॉकेट एस-२०० या दोन घन बूस्टरांच्या जोरावर जमीन सोडते. त्याच्या मधल्या एल-११० टप्प्यातील दोन विकास इंजिने उड्डाणानंतर सुमारे दोन मिनिटांनी, आकाशातच पेटतात. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्याचे विकास इंजिनही हवेतच सुरू होते. साहजिकच, फाल्कन-९ प्रमाणे प्रक्षेपण तळावर उभ्या रॉकेटची इंजिने काही सेकंद चालवून पाहण्याची सोय येथे नाही. हवेत पेटणाऱ्या इंजिनाची शंका जमिनीवरच फेडावी लागते.

भारतातील चाचण्या

इस्रोच्या द्रव इंजिनांची प्रमुख चाचणी केंद्रे तमिळनाडूतील महेंद्रगिरी येथे आहेत. मोठ्या घन बूस्टरांची चाचणी आंध्र प्रदेशातील श्रीहरिकोटा येथे होते.

विकास इंजिन हे फ्रान्सच्या व्हायकिंग इंजिनाच्या तंत्रज्ञानावर आधारलेले आहे. १९७४ मधील करारानुसार भारतीय अभियंत्यांनी फ्रान्समध्ये काम केले आणि त्या बदल्यात ते तंत्रज्ञान भारताला मिळाले. विक्रम अंबालाल साराभाई यांच्या नावातील अक्षरांवरून इंजिनाचे नाव पडल्याचे सांगितले जाते. पहिल्या इंजिनाची चाचणी १९८५ मध्ये फ्रान्समधील व्हर्नाँ येथे झाली.

दोन विकास इंजिने असलेल्या एल-११० टप्प्याची पहिली स्थिर चाचणी ५ मार्च २०१० रोजी झाली. ती २०० सेकंद चालायची होती, पण एका राशीत विचलन आढळल्याने १५० सेकंदांनी थांबवण्यात आली. ८ सप्टेंबर २०१० रोजीच्या दुसऱ्या चाचणीत टप्पा पूर्ण २०० सेकंद चालला. एस-२०० बूस्टर त्याच वर्षी २४ जानेवारीला प्रथमच जाळून पाहण्यात आला; तो सुमारे १३० सेकंद जळला.

गगनयान मोहिमेमुळे निकष अधिक कडक झाले. मानवी उड्डाणासाठीच्या विकास इंजिनाची २४० सेकंदांची चाचणी १४ जुलै २०२१ रोजी, तर सुधारित एचएस-२०० बूस्टरची १३५ सेकंदांची चाचणी १३ मे २०२२ रोजी झाली. वरच्या टप्प्यातील सीई-२० या क्रायोजेनिक इंजिनाला मानवी उड्डाणाच्या पात्रतेसाठी किमान ६,३५० सेकंद चालणे आवश्यक होते. फेब्रुवारी २०२४ पर्यंत चार इंजिनांवर ३९ चाचण्या घेऊन ८,८१० सेकंद पूर्ण करण्यात आले.

स्वीकृती चाचणीचे परिचित उदाहरण चांद्रयान-३ चे आहे. त्या मोहिमेच्या सीई-२० इंजिनाची २५ सेकंदांची चाचणी २४ फेब्रुवारी २०२३ रोजी महेंद्रगिरीच्या उच्च-उंची चाचणी सुविधेत झाली. तेथे वातावरण विरळ करून अंतराळासारखी स्थिती निर्माण करतात. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ ने उड्डाण केले.

महाराष्ट्राशी संबंध

चाचण्या दक्षिणेत होत असल्या, तरी त्यांत तपासल्या जाणाऱ्या यंत्रसामग्रीचा मोठा वाटा महाराष्ट्रात घडतो. मुंबईतील विक्रोळी येथील गोदरेजच्या कारखान्यात विकास इंजिने तयार होतात, तर इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथे एस-२०० बूस्टरच्या आवरणाचे खंड बनवले जातात. मूळच्या साखर कारखान्याभोवती वसलेल्या गावातून अग्निबाणाचे भाग बाहेर पडावेत, ही राज्याच्या औद्योगिक इतिहासातील लक्षणीय घटना होय.

मराठवाड्यात इस्रोचे चाचणी केंद्र नाही. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे महात्मा गांधी मिशन संस्थेचे एपीजे अब्दुल कलाम अंतराळ विज्ञान केंद्र असून ते खगोल व अंतराळ विज्ञानाच्या प्रसाराचे काम करते. श्रीहरिकोटा येथील प्रक्षेपणे प्रेक्षक सज्जातून पाहता येतात आणि त्यांचे थेट प्रसारणही होते. महेंद्रगिरीच्या चाचण्या मात्र सामान्यतः लोकांसाठी खुल्या नसतात. म्हणून तेथून दूर असलेल्या शहरांतील अभ्यासकांना इस्रोच्या संक्षिप्त निवेदनावरच विसंबावे लागते. त्यातील नियोजित कालावधी, प्रत्यक्ष कालावधी आणि ‘स्वीकृती’ की ‘पात्रता’ हा शब्द, एवढ्या तीन गोष्टींतून बराच अर्थ काढता येतो.

प्रक्षेपण तळावरील अखेरची तपासणी

जीएसएलव्हीची रचना मात्र वेगळी आहे. त्याच्या भोवतीची चार विकास इंजिने मधल्या घन टप्प्याच्या सुमारे पाच सेकंद आधी पेटतात, म्हणजे उड्डाणापूर्वी त्यांची अल्पशी परीक्षा होते. २८ मार्च २००१ रोजी पहिल्याच जीएसएलव्हीची चारही इंजिने पेटल्यावर त्यांपैकी एकाचा रेटा अपेक्षेइतका वाढला नाही. स्वयंचलित यंत्रणेने घन टप्पा पेटण्याच्या सुमारे एक सेकंद आधी सर्व काही थांबवले. इंजिन बदलून तेच रॉकेट १८ एप्रिल २००१ रोजी उडाले.

ही झडती प्रत्येक दोष पकडतेच असे नाही. १० जुलै २००६ रोजी जीएसएलव्ही-एफ०२ च्या एका इंजिनाचा रेटा उड्डाणानंतर लगेच कोसळला आणि रॉकेट इन्सॅट-४सी उपग्रहासह नष्ट झाले. चौकशीत इंधनाचा पुरवठा नियंत्रित करणाऱ्या एका भागाच्या निर्मितीतील दोष समोर आला.

२१ ऑक्टोबर २०२३ रोजी गगनयानच्या टीव्ही-डी१ या चाचणी यानाची उलटगणती केवळ पाच सेकंद उरले असता थांबली. एकाच विकास इंजिनावर चालणारे हे यान दुरुस्तीनंतर त्याच दिवशी सकाळी दहा वाजता उडाले. थेट प्रसारण पाहणाऱ्यांसाठी मधला वेळ उड्डाणापेक्षा अधिक उत्कंठेचा ठरला.

चाचणीतील दुर्घटना

स्थिर चाचणी स्वतःही जोखमीची असते. १ सप्टेंबर २०१६ रोजी केप कॅनाव्हरल येथे फाल्कन-९ मध्ये स्थिर चाचणीपूर्वी इंधन भरताना स्फोट झाला. वर बसवलेला इस्रायलचा अमोस-६ उपग्रहही त्यात गेला. चाचणीच्या वेळी उपग्रह रॉकेटवर असावा का, हा प्रश्न या घटनेनंतर ऐरणीवर आला. नासाच्या एसएलएस रॉकेटच्या मुख्य टप्प्याची १६ जानेवारी २०२१ ची चाचणी सुमारे आठ मिनिटांऐवजी ६७ सेकंदांत थांबली. १८ मार्चच्या पुनर्चाचणीत इंजिने ४९९ सेकंद चालली. ३० जून २०२४ रोजी चीनमधील हेनान प्रांतातील गोंगयी येथे तियानलाँग-३ चा पहिला टप्पा मंचावरील बंध तुटून चक्क उडाला आणि जवळच्या डोंगरात कोसळून फुटला.